माउस जरा जवळ घ्या!

सबमिशनच्या रात्री मनगट कुरकुरतं, बोटांना मुंग्या येतात. आपण थोडा बाम चोळतो आणि पुन्हा क्लिक करत बसतो. पण हात हा काही बदलून मिळणारा पार्ट नाही. त्याची काळजी घ्यायला महागडं काही लागत नाही, टेबलाकडे जरा नीट बघावं लागतं.

एक काम करा. कॉम्प्युटरसमोर बसला असाल तर आहात तसेच थांबा, हलू नका. आता फक्त नजर उजव्या हाताकडे वळवा. कोपर कुठे आहे? अंगाला लागून की हवेत, लांब? मनगट सरळ आहे की करंगळीच्या बाजूला वाकलंय? टेबलाची कड मनगटाखाली रुततेय का? आणि तर्जनी? ती बटणावर निवांत टेकलीय की आत्ता क्लिक करायचंय अशी हवेत उभारलेली आहे?

बहुतेकांची चारपैकी दोन उत्तरं तरी चुकीची येतील. माझी चारही चुकली होती.

आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाची गोष्ट. सबमिशन तोंडावर, रोजचे दहा-दहा तास ड्रॉइंग. एका रात्री तीनच्या सुमारास जाग आली ती हाताला आलेल्या मुंग्यांनी. अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर. हात झटकला, बरं वाटलं, झोपले. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. घरी सांगितलं तर आई म्हणाली, ‘मोबाईल कमी कर.’ मैत्रिणी म्हणाल्या, ‘अगं, सगळ्यांनाच होतं.’ दोन्ही थोडं थोडं खरं होतं, म्हणून मी काहीच केलं नाही. मग एका सकाळी कुर्त्याचं बटण लावता येईना. तेव्हा मात्र घाबरले.

फिजिओथेरपिस्ट ताईंनी हात तपासला आणि पहिला प्रश्न विचारला, ‘माउस कुठे ठेवतेस?’ मला वाटलं, चेष्टा करतायत. त्या म्हणाल्या, ‘उद्या तुझ्या टेबलाचा फोटो काढून आण. बाजूने काढ, तू बसलेली असताना.’ तो फोटो बघितला आणि माझं मलाच हसू आलं. कीबोर्ड, त्याच्या उजवीकडे आकड्यांची बटणं, त्याच्या पलीकडे चहाचा मग, त्याच्याही पलीकडे माउस. मी जणू शेजारच्या टेबलावरची वस्तू उचलायला हात लांब केला होता, रोज दहा तास!

आत नक्की काय होतं?

बोटं हलवणारे बरेचसे स्नायू बोटांत नसतातच, ते कोपर ते मनगट या भागात असतात. विश्वास बसत नसेल तर डाव्या हाताने उजवा हात कोपराच्या जरा खाली धरा आणि उजवी बोटं टेबलावर तबला वाजवल्यासारखी हलवा. आत काहीतरी सळसळतं ना? तेच ते. तिथून लांब दोऱ्यांसारख्या कंडरा निघतात आणि मनगटातून बोटांपर्यंत जातात. कळसूत्री बाहुलीसारखाच प्रकार: ओढणारा वर, हलणारी बाहुली खाली.

आता गंमत मनगटात आहे. तळहाताच्या बाजूला तिथे एक अरुंद बोगदा असतो. मागे हाडं, पुढे चिवट पट्टा. या बोगद्यातून बोटं मिटणाऱ्या नऊ कंडरा जातात आणि त्यांच्यासोबत एक मज्जातंतू, मीडियन नर्व्ह. म्हणजे सकाळी पावणेनऊच्या लोकलचा डबा. सगळे नीट उभे असतील तर प्रवास होतो. पण मनगट वर वाकवलं की जागा आक्रसते. त्यात कंडरांवरचं आवरण सुजलं तर आणखी दाटी. या गर्दीत चेंगरतो तो बिचारा मज्जातंतू. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अर्धी अनामिका यांची संवेदना तोच सांभाळतो. म्हणून मुंग्या तिथेच येतात. यालाच कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात.

पण हात दुखला की लगेच ‘मला कार्पल टनेल झालंय’ असं जाहीर करू नका. तो आजार थायरॉइड, मधुमेह, गरोदरपण अशा इतर कारणांनीही होतो आणि माउस हे त्याचं एकमेव कारण नव्हे. करंगळीकडे मुंग्या येत असतील तर मज्जातंतूच वेगळा असतो, अल्नर. तो कोपरातून जातो. कोपर दाराला आपटल्यावर झिणझिण्या येतात ना, तोच. तासन् तास कोपर टेबलाच्या कडेवर टेकवून बसणाऱ्यांना तो त्रास देतो. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला दुखत असेल तर तिथल्या कंडरांचा ताण असू शकतो. मोबाईलवर एका अंगठ्याने टाइप करणाऱ्यांनाही तो होऊ शकतो. आणि कोपराच्या बाहेरच्या बाजूला ठणका असेल तर बोटं वर उचलून धरणारे स्नायू दमलेले असू शकतात.

शेवटचा मुद्दा नीट समजून घ्या. क्लिक केल्याने जेवढा थकवा येत नाही तेवढा क्लिक करायच्या तयारीत राहिल्याने येतो. पाण्याची भरलेली बाटली हात लांब करून धरून बघा. बाटली हलवत नाही तुम्ही, नुसती धरलीय. तरी दोन-तीन मिनिटांत हात भरून येतो. स्नायू सतत आवळलेला राहिला की त्याला रक्तपुरवठाही नीट होत नाही. हवेत उभारलेली तर्जनी आणि लांब केलेला खांदा दिवसभर हेच करत असतात. वजन किरकोळ, पण सुट्टी नाही.

एकच हात, एकच खातं

आपल्याकडच्या कॉलेजात एक खास गोष्ट आहे, जर्नल. दिवसभर लॅबमध्ये माउस, संध्याकाळी त्याच हाताने जर्नलची पानं भरणं, रात्री त्याच हाताने मोबाईल धरून रील्स वर सरकवणं. मध्ये एखादा गेम. आणि महिन्याभराने याच हाताने तीन तासांचा पेपर लिहायचा! आपण म्हणतो, ‘मी तर आज फक्त तीन तास कॉम्प्युटरवर होतो.’ पण हाताला अभ्यास आणि टाइमपास यातला फरक कळत नाही. सगळा खर्च एकाच खात्यातून होतो. माझ्या वर्गातल्या एकाने सबमिशन झोकात केलं आणि पेपरच्या वेळी दर अर्ध्या तासाला पेन खाली ठेवून हात चोळत बसला. शेवटचे दोन प्रश्न येत असून राहिले. म्हणून हे सगळं आत्ता, सेमिस्टर सुरू असतानाच बघायचं. परीक्षेच्या आदल्या दिवशी नाही.

आधी खुर्ची, मग माउस

माउस नीट धरायचा तर सुरुवात मनगटापासून होत नाही, खांद्यापासून होते. खांदे सैल सोडा. कोपरं अंगाजवळ, साधारण काटकोनात किंवा थोडी जास्त उघडलेली. अशा वेळी तळहात जिथे येईल तिथे माउस हवा. तळहाताने टेबल शोधायचं नाही, टेबल तळहाताच्या उंचीला यायला हवं.

अडचण अशी की घरातलं किंवा हॉस्टेलमधलं टेबल बहुतेकदा अडीच फुटांच्या आसपास असतं, आणि उंची बेताची असेल तर कोपर टेबलाच्या खालीच राहतं. मग आपण नकळत खांदा वर उचलतो. टेबल कापता येत नाही, पण आपण वर जाऊ शकतो. खुर्चीवर घट्ट उशी किंवा घडी घातलेली सतरंजी ठेवा. पाय लोंबकळायला लागले तर खाली पाट ठेवा. हो, जेवायला बसायचा तोच पाट. नसेल तर जुन्या गाइडांचा गठ्ठा. तेवढा तरी त्यांचा उपयोग होईल.

जमिनीवर बसून काम करत असाल तर चौरंग चांगला. बसल्यावर आपलं कोपर जमिनीपासून साधारण वीतभर वर असतं. त्याच उंचीचा चौरंग शोधा आणि माउसही त्यावरच ठेवा, बाजूला जमिनीवर नाही. आणि गादीवर पालथं पडून, कोपरांवर भार देऊन, पुस्तकावर माउस फिरवणं? सिनेमाची सीट बुक करण्यापुरतं ठीक आहे. असाइनमेंटसाठी नको.

कॉलेजच्या लॅबमध्ये तर वेगळीच तऱ्हा. कीबोर्डसाठी टेबलाखालून बाहेर सरकणारी फळी असते, पण ती इतकी अरुंद की माउस वर टेबलावर ठेवावा लागतो. म्हणजे डावा हात खाली, उजवा हात वर आणि पुढे. अशा ठिकाणी फळी आत ढकला आणि कीबोर्ड उचलून माउसच्या शेजारी वर ठेवा. खुर्ची वर घ्या. सर ओरडणार नाहीत, विचारलं तर सांगा.

आता माझ्या फोटोतली चूक. पूर्ण कीबोर्डच्या उजवीकडे आकड्यांची बटणं असतात, त्यामुळे माउस आणखी बाहेर ढकलला जातो. आकडे रोज लागत नसतील तर कीबोर्ड थोडा डावीकडे सरकवा, म्हणजे ‘बी’ अक्षर पोटासमोर न येता जरा डावीकडे जाईल. पुढे कधी नवीन कीबोर्ड घ्यायचा झाला तर आकड्यांशिवायचा बघा. आणि चहाचा मग डाव्या बाजूला!

धरायचा कसा?

हलका. पाखरू हातात धरल्यासारखा. घट्ट आवळल्याने कर्सर जास्त नेमका जात नाही, फक्त हात दमतो.

तळहात माउसवर टेकलेला असू दे. त्यासाठी माउस हाताच्या मापाचा हवा. बॅगेत मावतो म्हणून घेतलेला चिमुकला माउस मोठ्या हातात चिमटीने धरावा लागतो, बोटं आकड्यासारखी वाकतात. दुकानात चप्पल घालून बघतो तसा माउसही धरून बघा. बोटं बटणांवर सहज पडली पाहिजेत.

मनगट सरळ ठेवा. कोपरापासून मधल्या बोटापर्यंत पट्टी ठेवता यावी इतपत सरळ. लांबची हालचाल कोपरातून करा, मनगट टेबलाला चिकटवून त्याला वायपरसारखं डावी-उजवीकडे फिरवू नका. मऊ पॅड असेल तर ते थांबल्यावर तळव्याला टेकायला आहे, त्यावर मनगट दाबून माउस फिरवायला नाही. दाब पडतो तो नेमका बोगद्यावरच. टेबलाची सनमायकाची कड टोचत असेल तर नॅपकिनची घडी पुरते.

आणि वाचत असताना, व्हिडिओ बघत असताना, विचार करत असताना माउस सोडा! हात मांडीवर घ्या. ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात अवघड सूचना आहे. दोन दिवस लक्ष ठेवा, काम नसतानाही आपण माउस किती वेळ धरून बसतो ते कळेल.

सेटिंगमध्ये दडलेला आराम

कर्सर पडद्याच्या एका टोकापासून दुसरीकडे न्यायला तुम्हाला माउस दोन-तीनदा उचलून ठेवावा लागतो का? मग वेग कमी आहे. हिशोब सोपा आहे. माउस 800 डीपीआयचा असेल आणि पडदा 1920 पिक्सेल रुंद असेल, तर पूर्ण रुंदी पार करायला माउस सुमारे 6 सेंटीमीटर सरकवावा लागतो. तोच 1600 वर केला तर 3 सेंटीमीटर. (विंडोजमधला वेग मधल्या खुणेवर आणि ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ बंद असताना.) बऱ्याच माउसवर चाकाच्या मागे छोटं बटण असतं, ते यासाठीच.

पण फार वाढवूही नका. कर्सर सैरावैरा पळायला लागला की बारीक रेषेवर तो आणण्यासाठी बोटं आणखी आवळली जातात. गेम खेळणारे म्हणतील, ‘आम्ही तर सेन्सिटिव्हिटी कमी ठेवतो.’ बरोबर आहे, पण मग ते मोठ्या पॅडवर कोपरापासून आख्खा हात फिरवतात. कमी वेग आणि नुसतं मनगट, ही जोडी वाईट.

ड्रॅग करताना बटण दाबून धरल्याने बोट दुखतं? विंडोजच्या माउस प्रॉपर्टीजमध्ये ‘क्लिकलॉक’ आहे. ते सुरू केलं की बटण क्षणभर दाबून सोडायचं, वस्तू पकडलेलीच राहते. पुन्हा क्लिक केलं की सुटते. कुणी सांगत नाही, पण असतं ते तिथे.

डाव्या हातालाही कामाला लावा

माउसचा जनक डग्लस एंगेलबार्ट. 1964 च्या सुमारास अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये त्याच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश या सहकाऱ्याने पहिला माउस बनवला. लाकडी ठोकळा, खाली दोन चाकं, वर एकच बटण. 9 डिसेंबर 1968 रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये एंगेलबार्टने तो जाहीरपणे चालवून दाखवला. त्या प्रात्यक्षिकातली एक गोष्ट आपण विसरलो. त्याच्या उजव्या हाताखाली माउस होता, तर डाव्या हाताखाली पाच पट्ट्यांचं एक छोटं यंत्र. त्या पट्ट्या एकत्र दाबून तो आज्ञा देत असे. म्हणजे ज्याने माउस शोधला त्यानेही सगळं ओझं एका हातावर टाकलं नव्हतं!

आपल्याकडे ते पाच पट्ट्यांचं यंत्र नाही, पण कीबोर्ड आहे. ऑटोकॅडमध्ये रेषेसाठी ‘एल’, वर्तुळासाठी ‘सी’, कापायला ‘टीआर’, हलवायला ‘एम’, नक्कल करायला ‘सीओ’. स्पेसबार हा एंटरचं काम करतो आणि पुन्हा दाबला तर मघाचीच आज्ञा परत देतो. प्रत्येक वेळी वरच्या चित्रांपर्यंत माउस न्यायची गरजच काय? ब्राउझरमध्ये नवीन टॅबला कंट्रोल-टी, बंद करायला कंट्रोल-डब्ल्यू, पान खाली सरकवायला स्पेसबार. एका खिडकीतून दुसरीत जायला ऑल्ट-टॅब. आठवड्याला तीन शॉर्टकट शिका, एका चिठ्ठीवर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवा. सेमिस्टर संपेपर्यंत पन्नासच्या आसपास होतील. वेगही वाढतो, हे बोनस.

आणखी धाडस असेल तर साध्या कामांसाठी माउस डाव्या हातात घ्या. सेटिंगमध्ये मुख्य बटण बदलता येतं. पहिले दोन दिवस चिडचिड होईल, लहान मुलासारखं वाटेल. मेल वाचणं, वेबसाइट बघणं एवढंच डाव्याने करा. ड्रॉइंग उजव्यानेच. मात्र उजवा आधीच दुखत असेल तर सगळा भार एकदम डाव्यावर टाकू नका, नाहीतर दोन्ही जातील.

उभा माउस घ्यायचा का, असं पुष्कळ जण विचारतात. त्यात तळहात खाली न वळता हस्तांदोलनासारखा राहतो, त्यामुळे हाताचा पीळ कमी होतो. काहींना फार बरा वाटतो, काहींना जमत नाही. मित्राचा दोन दिवस मागून बघा आणि मग पैसे घाला. पण जागा चुकीचीच असेल तर तोही लांबूनच दुखेल.

विश्रांती म्हणजे मोबाईल नव्हे

वीस-पंचवीस मिनिटांनी अर्धा मिनिट थांबा. तासाने उठा, पाणी प्या, चक्कर मारा. हात खाली सोडून हलके झटका. बोटं पूर्ण पसरा, मूठ सैल मिटा, असं पाच वेळा. मग हात पुढे सरळ करा, तळहात जमिनीकडे, दुसऱ्या हाताने बोटांकडचा भाग हळूच खाली वाकवा, पंधरा सेकंद. ओढ जाणवली पाहिजे, दुखलं किंवा मुंग्या आल्या तर लगेच सोडा. आणि ब्रेक घेतला म्हणून लगेच मोबाईल उचलला तर तो ब्रेक डोक्याला मिळाला, अंगठ्याला नाही.

डॉक्टरकडे कधी?

बाम लावून, क्रेप बँडेज गुंडाळून काम रेटणं हा आपला राष्ट्रीय उपाय आहे. पण दुखणं ही सूचना असते. ती झाकून काम चालू ठेवलं तर आतलं चालूच राहतं. पुढच्यापैकी काहीही असेल तर ऑर्थोपेडिक डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टकडे जा: रात्री मुंग्यांनी जाग येणं, बधिरपणा दिवसाही न जाणं, हातातून वस्तू निसटणं, बटण लावायला किंवा पेन धरायला त्रास, अंगठ्याखालचा तळव्याचा उंचवटा सपाट दिसायला लागणं, मानेपासून हातापर्यंत कळ येणं, किंवा बसण्यात बदल करूनही दोन आठवड्यांत फरक न पडणं. खर्चाची धास्ती असेल तर मोठ्या सरकारी रुग्णालयांत फिजिओथेरपीचा विभाग असतो, तिथे जा. लवकर गेलात तर बऱ्याचदा रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा, काही व्यायाम आणि टेबलाची फेरमांडणी यावर भागतं. मज्जातंतू खूप दिवस दाबला गेला तर मात्र हातातली ताकद परत यायला वेळ लागतो, कधी पूर्ण येतही नाही. म्हणून ‘सबमिशन झाल्यावर बघू’ नको.

माझं काय झालं? पट्टा सहा आठवडे, कीबोर्ड डावीकडे, खुर्चीवर आजीची उशी, पायाखाली पाट. रात्रीच्या मुंग्या हळूहळू गेल्या. सबमिशन चार दिवस उशिरा दिलं, मार्क कापले गेले. तेव्हा फार वाईट वाटलं होतं. पण आज हा लेख दोन्ही हातांनी टाइप करतेय, आणि सकाळी बटणं माझी मीच लावलीत.

तेव्हा आज एवढंच करा. रूममेटला सांगा, तुम्ही काम करत असताना बाजूने एक फोटो काढायला. त्या फोटोत माउस कुठे आहे ते बघा. आणि जरा जवळ घ्या.